पत्ता चुकलेला संशय

जादूचे प्रयोग पाहायला येणाऱ्या एका जमातीशी माझे उघड वैर आहे. "ह्यॅ! सगळी हातचलाखी असते हो!" हे वाक्य ही मंडळी घरूनच घेऊन येतात आणि नेमकी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतात. अहो, हातचलाखी असणारच! तिकिटावर 'जादूचे प्रयोग' असे छापलेले असते, 'साक्षात्कार' असे नव्हे.

बरे, ती नुसती हाताची चलाखी नसते, हेही या हुशारांना ठाऊक नसते. खरी चलाखी असते ती आपले लक्ष हलवण्याची. जादूगार जिकडे बघतो तिकडे आपण बघतो. उजव्या हाताने त्याने रुमाल ऐटीत झटकला, की डावा हात खिशात कशाला गेला हे कोण विचारतो? मोठ्या हालचालीच्या पोटात छोटी हालचाल बेमालूम लपते. शिवाय पुढे काय होणार हे तो आधी सांगत नाही आणि तोच खेळ लगेच दुसऱ्यांदा करीत नाही. आश्चर्य एकदाच होते; दुसऱ्यांदा होते ती तपासणी.

"पण आमची नजर बारीक आहे!" असेल बापडी! सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. फिल्ममधले खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकतात, ते लोकांना मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली एक व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, छातीसुद्धा बडवून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! अख्खा गोरिला ज्यांच्या नजरेतून सुटतो, त्यांनी चौकटच्या राणीची काय मिजास सांगावी?

१९५६ साली पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात एका मुलीला करवतीने 'कापले' आणि ती उठून बसायच्या आत कार्यक्रमच संपला. खून झाला असे समजून लोकांनी बीबीसीचे फोन खणखणवले. मी त्यांना हसणार नाही. खेळाची खरी गंमत त्यांनाच मिळाली.

माझा खरा राग पुढेच आहे. हेच शेजारचे साहेब कुणा बुवापुढे बसले, की रिकाम्या हातातून अंगारा निघताना भक्तिभावाने डोळे मिटून घेतात. युक्ती तीच, उंचावलेल्या हाताकडे बघायचे आणि खालची मूठ विसरायची. तिथे मात्र 'हातचलाखी' हा शब्द साहेबांच्या घशाखालीच राहतो. जादूगार 'फसवतो' असे सांगून तिकिटापुरते पैसे घेतो. बुवा काहीच न सांगता घर रिकामे करतो. असले चमत्कार दाखवून लोकांना फसवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला. पण कायदा काही प्रत्येक मठात सतरंजीवर येऊन बसू शकत नाही.

तेव्हा साहेब, संशय जरूर घ्या, पण योग्य पत्त्यावर पोचवा. जादूगारापुढे डोळे उघडे ठेवा आणि तोंड बंद. बुवापुढे मात्र दोन्ही उघडा!