दीर्घज्वर, विडाल चाचणी आणि न विचारलेला प्रश्न



आपल्या जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा एक कागद आहे. त्यावर रुग्णाचे नाव, 'ओ' आणि 'एच' या दोन अक्षरांपुढे १:८० किंवा १:१६० असे आकडे आणि खाली लाल शाईत 'विडाल पॉझिटिव्ह' हे दोन शब्द असतात. तो हाती पडताच रोगाला नाव मिळाले म्हणून नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. दुकानातून सेफिक्झिमच्या गोळ्या दिल्या जातात. आठ दिवस ताप उतरल्यासारखा वाटतो, पुन्हा चढतो, पुन्हा विडाल होते आणि पुन्हा 'पॉझिटिव्ह' येते. महिना-दोन महिन्यांनी हाच रुग्ण कंबर धरून, घामाने भिजलेल्या रात्रींची तक्रार घेऊन आपल्याकडे येतो. या कागदाच्या विश्वासार्हतेविषयी आणि त्याच्या आड राहून जाणाऱ्या एका व्याधीविषयी चार शब्द लिहावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एका नामसंभ्रमाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. मराठी व्यवहारात टायफॉइडला 'विषमज्वर' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. संहितेतील विषमज्वर मात्र ज्याचा आरंभ, काल आणि वेग विषम आहे असा ज्वर होय. संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक हे त्याचे पाच भेद आपण विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात पुनरावर्तक ज्वराचाही स्वतंत्र विचार केला आहे. म्हणजे उतरून पुन्हा येणारा ज्वर ही आपल्या शास्त्राला अपरिचित गोष्ट नाही. परंतु 'विषमज्वर म्हणजे टायफॉइड आणि टायफॉइड म्हणजे विडाल' अशी साखळी मनात एकदा पक्की झाली, की लांबलेला प्रत्येक ज्वर त्याच एका खणात टाकला जातो.

विडाल चाचणीचे मर्म

फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ फर्नांड विडाल यांनी ही चाचणी १८९६ मध्ये वर्णिली. रुग्णाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडांमुळे टायफॉइडचे जंतू एकत्र गोळा होतात, हे तिचे तत्त्व. ही चाचणी जंतू पाहत नाही, केवळ प्रतिपिंड पाहते, आणि तिच्या साऱ्या मर्यादा येथूनच उगम पावतात. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंड पुरेसे वाढलेले नसतात, म्हणून खरा टायफॉइड असूनही चाचणी नकारार्थी येऊ शकते. उलट, पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड किंवा घेतलेली लस यांमुळे निरोगी माणसाच्या रक्तातही प्रतिपिंड सापडतात. दुसऱ्याच एखाद्या ज्वरात जुने प्रतिपिंड पुन्हा उसळी घेतात. म्हणूनच सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने तपासून प्रमाण चौपट वाढले आहे का, हे पाहावे असा मूळ दंडक आहे. आपल्याकडे दुसरा नमुना बहुधा घेतलाच जात नाही.

गणिताने ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, दीर्घज्वराचे १००० रुग्ण आहेत आणि त्यांपैकी ५० जणांना खरोखर टायफॉइड आहे. समजा, चाचणी १०० खऱ्या रुग्णांपैकी ७० ओळखते आणि टायफॉइड नसलेल्या १०० जणांपैकी २० जणांना चुकून 'पॉझिटिव्ह' ठरवते. मग ५० पैकी ३५ जणांचे निदान बरोबर होईल, परंतु उरलेल्या ९५० पैकी १९० जणांनाही तोच शिक्का बसेल. एकूण २२५ 'पॉझिटिव्ह' कागदांपैकी खरे ३५, म्हणजे सहातील एकही पुरता नव्हे. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, परंतु नियम सार्वत्रिक आहे. कोणाची तपासणी करावयाची हे न ठरवता सरसकट केलेली चाचणी खोट्या निदानांचेच प्रमाण वाढवते.

यात कृतीतील दोषांची भर पडते. काचपट्टीवरील चाचणी ठरलेल्या एका मिनिटात वाचावयाची असते. तंत्रज्ञ दुसऱ्या कामात गुंतला आणि थेंब वाळू लागला, तर नसलेल्या गुठळ्या दिसू लागतात. संच २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाचे असतात आणि आपल्या तालुक्यांतील विजेचा लपंडाव सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक वेळी ज्ञात सकारात्मक आणि ज्ञात नकारात्मक नमुना सोबत लावला, तरच संच शाबूत आहे हे कळते. हा नियम किती ठिकाणी पाळला जातो, हे आपण आपल्या प्रयोगशाळेला विचारले पाहिजे. असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. औषधिद्रव्य विकत घेताना आपण त्याचा गंध, वर्ण आणि जुनेपणा पाहतोच.

शेळ्यांच्या जिल्ह्यातील ज्वर

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. धाराशिव जिल्हा हा उस्मानाबादी शेळीचा जिल्हा. काळ्या रंगाची, बहुधा जुळी करडे देणारी ही जात या भूमीच्याच जुन्या नावाने देशभर ओळखली जाते. परंडा, भूम, वाशी, कळंबपासून तुळजापूर, लोहारा, उमरग्यापर्यंत अवर्षणाच्या वर्षी कुटुंबाला तारणारी ही 'गरिबाची गाय' अनेकदा त्याच छपराखाली बांधलेली असते. शेळी अडली तर घरातील स्त्री उघड्या हातांनी करडू सोडवते, वार उचलते आणि उकिरड्यावर टाकते.

या सहवासातून माणसाला होणारा एक ज्वर म्हणजे ब्रुसेल्लोसिस. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर त्याचा जंतू शोधला, म्हणून 'माल्टा ज्वर' आणि लाटांप्रमाणे चढ-उतार होतो म्हणून 'तरंगित ज्वर' अशी त्याची जुनी नावे आहेत. जंतू सापडला, तरी तो येतो कोठून हे पुढे अठरा वर्षे उमगले नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टावासी वैद्यकतज्ज्ञाने शेळ्यांचे रक्त तपासले. दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांच्या रक्तात याच रोगाचे प्रतिपिंड निघाले. १९०६ मध्ये ब्रिटिश शिबंदीला शेळीचे दूध देणे बंद झाले आणि सैनिकांतील रुग्णसंख्या झपाट्याने खाली आली. यातील बोध आपल्या कामाचा आहे. झॅमिट यांनी वापरलेली चाचणी विडालच्याच जातकुळीची, जंतू गोळा होतात का हे पाहणारी होती. ती उपयोगी पडली, कारण तिच्या आधी योग्य प्रश्न विचारला गेला होता.

ब्रुसेल्लोसिसचे रूप फसवे आहे. ज्वर, रात्रीचा भरपूर स्वेद, कटिशूल, संधिशूल, अरुची, दौर्बल्य. पुरुषांत कधी वृषणशोथ, स्त्रियांत कधी गर्भपात. कोणी त्यास आमवात म्हणेल, कोणी राजयक्ष्मा, कोणी केवळ अशक्तपणा. मणक्यात उतरलेला ब्रुसेल्लोसिस आणि मणक्याचा क्षय हे क्ष-किरण चित्रावर परस्परांची भूल पाडतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे, की व्याधीचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांना निश्चित नाव असते असे नाही. प्रकृती, अधिष्ठान आणि समुत्थान जाणून कर्म आरंभावे. आपण नेमके उलट करतो. समुत्थान विचारत नाही आणि कागदावरील नाव घेऊन मोकळे होतो. 'घरी शेळ्या आहेत का? अलीकडे एखादी गाभडली का? वार कोणी उचलली? दूध कच्चे पिता का?' या चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात.

उत्तरे होकारार्थी आली तर रोझ बेंगाल ही साधी, स्वल्पखर्ची चाचणी प्रथम करावी. समप्रमाणात रक्तद्रव आणि रंगीत प्रतिजन मिसळून ती चार मिनिटांत वाचता येते. ती सकारात्मक आल्यास प्रमाणित नलिका चाचणीने प्रमाण काढावे. सामान्यतः १:१६० व त्याहून अधिक प्रमाण अर्थपूर्ण मानले जाते. मात्र मेंढपाळ, खाटीक आणि पशुवैद्यक यांच्या रक्तात जुन्या संपर्काचे प्रतिपिंड असू शकतात, म्हणून त्यांच्याबाबत लक्षणांशी मेळ घातल्याशिवाय निर्णय करू नये. उलट, प्रतिपिंड फारच अधिक असतील तर कमी विरलनात गुठळी दिसतच नाही. अशा वेळी पुढील विरलने तपासली नाहीत तर खरा रुग्ण निसटतो. रक्तसंवर्धनासाठी नमुना पाठवताना ब्रुसेल्लाची शंका चिठ्ठीवर अवश्य लिहावी, कारण हा जंतू सावकाश वाढतो आणि असावध तंत्रज्ञाला त्याची बाधा होऊ शकते.

उपशयाची मर्यादा

गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, ही आपली शास्त्राज्ञा आहे. परंतु उपशय हीसुद्धा एक चाचणीच आहे आणि तिलाही खोटे 'पॉझिटिव्ह' असते. क्षयाच्या औषधांतील रिफॅम्पिसिन ब्रुसेल्लावरही काही अंशी कार्य करते. म्हणून चुकून क्षयाचे उपचार सुरू झालेल्या रुग्णाला प्रारंभी बरे वाटते आणि चुकीचे निदान अधिकच घट्ट होते. सुदर्शन चूर्णाने किंवा अमृतारिष्टाने ज्वरवेग मंदावला, एवढ्यावरून संप्राप्ती भंगली असेही म्हणता येत नाही. तरंगित ज्वर काही दिवस आपसूकच उतरतो. दोन-तीन आठवड्यांच्या लाभाला उपशय म्हणण्याची घाई करू नये. या रोगात सहा आठवड्यांचे संयुक्त प्रतिजैविक उपचार लागतात आणि अर्धवट सोडल्यास तो उलटतो. निदान होताच रुग्णास जिल्हा रुग्णालयात किंवा भिषक्‌तज्ज्ञाकडे पाठवणे आणि बलरक्षण, अग्निदीपन व पथ्य यांची जबाबदारी आपण घेणे, हाच रुग्णहिताचा मार्ग होय.

अजादुग्धाचा प्रश्न

येथे आपल्या घरच्याच एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. क्षय, कास, रक्तपित्त आणि ज्वर यांत अजादुग्ध हितकर आहे, असे चरकसंहिता सांगते आणि आपण ते देतो. डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून शेळीचे कच्चे दूध पिण्याची जी लाट येते, तिला आपल्यापैकी काहींचा सल्लाही कारण ठरतो. धारोष्ण दूध अमृततुल्य, हे वचन त्यासाठी पुढे केले जाते. परंतु भावप्रकाशातील दुग्धवर्ग नीट वाचला तर भेद दिसतो. धारोष्ण प्रशस्त सांगितले आहे ते गायीचे. शेळीचे दूध शृतशीत, म्हणजे तापवून थंड केलेले घ्यावे, असे तेथे स्पष्ट आहे. आजच्या जंतुशास्त्रानुसार गायीचे दूधही उकळूनच घ्यावे, हे वेगळे सांगावयास नको. उकळल्याने ब्रुसेल्ला मरतो. भूमच्या भट्टीवर तासन्‌तास आटणाऱ्या खव्याला हे भय नाही. भय आहे ते आपण शास्त्राच्या नावाने सांगितलेल्या कच्च्या पेल्याला.

आमच्या सूचना

१) सात दिवसांहून अधिक ज्वर असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पशुसंपर्काचा रकाना असावा.

२) एकाच विडालवर टायफॉइडचे निदान करू नये. शंका असल्यास प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी रक्तसंवर्धनाचा नमुना घ्यावा. पहिल्या आठवड्यात, प्रौढांत ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतले तर त्याचा लाभ अधिक. संवर्धनही सुमारे ४० ते ६० टक्के रुग्णच पकडते, हे ध्यानी ठेवावे.

३) औषधविक्रेते बंधूंनी केवळ प्रयोगशाळेच्या कागदावर प्रतिजैविक देऊ नये. सेफिक्झिम व रिफॅम्पिसिन ही औषधे मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये असून त्यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. चिठ्ठीविना दिलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या ज्वर घालवत नाहीत, पण संवर्धनातील जंतू मात्र दडवतात.

४) प्रत्येक तालुक्यातील किमान एका प्रयोगशाळेने रोझ बेंगालचा संच ठेवावा आणि बाह्य गुणवत्ता तपासणीत सहभागी व्हावे, असा आग्रह आपल्या संघटनेने धरावा.

५) रुग्ण सापडल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेल्लाची लस ४ ते ८ महिन्यांच्या गायी-म्हशींच्या मादी वासरांसाठी योजली गेली. शेळ्या त्या योजनेत धरलेल्या नव्हत्या. शेळीपालकाला जपावयाचे तर वार पुरणे, हात झाकणे आणि दूध उकळणे हे सांगणारा माणूस बहुधा गावातील वैद्यच असणार आहे.

जो रोग शोधलाच जात नाही, तो कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही आणि मग 'आपल्याकडे तो नसतोच' असे म्हणण्याची सोय होते. संघटनेच्या येत्या बैठकीत प्रत्येक सदस्याने तीन महिन्यांतील दीर्घज्वराचे केसपेपर सोबत आणावेत. किती रुग्णांना पशुसंपर्काविषयी विचारले आणि किती विडाल दुसऱ्यांदा तपासल्या, एवढेच मोजावे. त्या मोजणीवरून पुढील कामाची दिशा ठरवता येईल. सदस्यांनी आपली मते संपादकांकडे अवश्य पाठवावीत, ही विनंती.