एका दिवसाचे लंडन



वर्धा, पिपरी मेघे परिसरातील आपली अनेक कुटुंबे आता गट करून युरोपची सहल करतात. गटामुळे जैन भोजनाची सोय होते, ज्येष्ठांना सोबत मिळते आणि खर्चही आटोक्यात राहतो. मात्र अशा सहलीत लंडनच्या वाट्याला बहुधा एकच पूर्ण दिवस येतो. तो कसा खर्च व्हावा, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच ठरविणे हिताचे असते.

कर्जाचा करार वाचावा तशी सहलीची कार्यक्रमपत्रिका वाचावी. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे उतरून बाहेरून पाहणे. ‘ड्राइव्ह पास्ट’ म्हणजे धावत्या बसच्या खिडकीतून दर्शन. प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख असेल तेथेच आत जाता येते. चालकासाठीही तेथे कडक नियम आहेत. साडेचार तास बस चालविल्यावर त्याला 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. त्यामुळे एका ठिकाणी झालेला उशीर पुढच्या ठिकाणाच्या वेळेतून वजा होतो.

टॉवर ऑफ लंडनमध्ये कोहिनूर आहे. 1849 च्या लाहोर तहान्वये तो इंग्रजांकडे गेला. 1852 मध्ये पुन्हा पैलू पाडल्यावर सुमारे 186 कॅरेटचा हा हिरा 105.6 कॅरेटचा उरला. तेथे राजमुकुटांसमोरून सरकता पट्टा प्रेक्षकांना पुढे नेतो, त्यामुळे दर्शन क्षणभराचेच घडते. हा इतिहास घरून वाचून गेलेल्यालाच त्या क्षणाचे मोल कळते.

याउलट, जेथे निवांत थांबता येते ते स्थळ पुष्कळदा कार्यक्रमपत्रिकेत नसतेच. ब्रिटिश म्युझियममध्ये कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही. तेथील संग्रहात धार येथून गेलेली पांढऱ्या संगमरवराची एक मूर्ती आहे. भोजशाळेच्या संदर्भात वाग्देवी म्हणून तिची चर्चा होते. संग्रहालयाच्या नोंदीत मात्र ती बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथांची यक्षी अंबिका आहे. पादपीठावरील लेखात संवत 1091, म्हणजे इ. स. 1034, हे वर्ष कोरलेले आहे. हजार वर्षांपूर्वीचा हा वारसा अवघ्या दोन-अडीच किलोमीटरवर असताना आपली बस वेस्टमिन्स्टरहून खरेदीच्या दुकानाकडे वळते, याची खंत वाटते. कार्यक्रम आखणाऱ्याला आपली आवड ठाऊक नसते. ती आपण सांगावी लागते.

बिग बेनपाशी बस थांबते, तेथून समोरच पार्लमेंट स्क्वेअर आहे. 2015 मध्ये तेथे महात्मा गांधींचा पुतळा उभा राहिला. सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या मुलांना तो दाखविण्यास पाच मिनिटेही पुरतात.

चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतूचाही हिशेब करावा. लंडनला जूनअखेर सूर्यास्त रात्री सव्वानऊनंतर होतो, त्यामुळे दिवसभर फिरूनही सायंकाळचे भोजन वेळेत होते. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मात्र सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. तेव्हा भोजनाची वेळ दुपारीच राखून ठेवावी लागते आणि एखादे स्थळ आनंदाने सोडावे लागते.

म्हणून नोंदणीपूर्वी गटप्रमुखांनी चार गोष्टी लेखी घ्याव्यात: कोठे आत प्रवेश आहे, प्रत्येक ठिकाणी किती वेळ आहे, भोजन किती वाजता आहे आणि खरेदीचा थांबा ऐच्छिक आहे काय. त्या थांब्याऐवजी संग्रहालयासाठी दोन तास मागावेत. पंचवीस-तीस जणांच्या गटाने एकमुखाने केलेली मागणी सहसा मान्य होते. ऐनवेळी बसमध्ये एकट्याने केलेली विनंती मान्य होणे कठीण. मूर्ती त्या काळात प्रदर्शनात आहे का, हेही संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आधी पाहावे.

दहा ठिकाणांची छायाचित्रे मोबाइलमध्ये साठतात आणि विसरली जातात. नीट पाहिलेली दोन ठिकाणे मात्र मुलांच्या बोलण्यात पुढे अनेक वर्षे येत राहतात. सहलीचा खरा जमाखर्च तोच.