पायवाटांनाही आराखड्यात स्थान हवे

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावे ही वाड्यांची गावे. बावखलाच्या काठाने, क्रुसावरून, चर्चकडे व शाळेकडे जाणाऱ्या पायवाटांनी ती परस्परांशी जोडलेली आहेत. सिडकोने तयार केलेला आणि शासनाने २००७ साली मंजूर केलेला वसई-विरार उपप्रदेशाचा विकास आराखडा २०२१ पर्यंतचा होता. पुढील नियोजनात रुंद रस्त्यांइतकाच या वाटांचाही विचार होणे अगत्याचे आहे.

यातील अनेक वाटा केवळ शेजारधर्मावर चालत आल्या आहेत. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार खाजगी जमिनीवर वहिवाट सिद्ध होण्यासाठी ती वाट हक्क म्हणून, उघडपणे व सलग २० वर्षे वापरलेली असावी लागते. मालकाच्या परवानगीने झालेला वापर त्यात गणला जात नाही. म्हणजे आजोबांनी आपुलकीने दिलेली वाट, जमीन विकली जाताच नव्या कुंपणाने बंद होऊ शकते. मग वृद्धांना व शाळकरी मुलांना वाहनांच्या गर्दीतून जावे लागते.

पादचाऱ्यांना निर्वेध पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस यांनीही ‘लौदातो सी’ (२०१५) या परिपत्रकात मोटारींच्या गर्दीने शहरी जीवन कसे खालावते, याकडे लक्ष वेधले होते.

तथापि बागायतदारांची भीती निराधार म्हणता येणार नाही. आज पायवाट नोंदवली, तर उद्या तेथे मोटाररस्ता येऊन वाडी जाईल, अशी शंका त्यांना वाटते. म्हणून नोंद करतानाच वाटेची रुंदी निश्चित व्हावी, ती केवळ पादचाऱ्यांसाठी राहावी आणि मालकाची संमती रीतसर दस्ताने घेतली जावी. पावसाच्या पाण्याचा निचरा अडवणारे काँक्रीटही त्यावर नको.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मांडण्याची संधी कायदा देतो. त्याआधीच प्रत्येक धर्मग्रामातील प्रापंचिकांनी आपापल्या वाटांचा नकाशा तयार करावा. आणि चर्चच्या जागेतून जाणारी एखादी वाट असेल, तर तिची नोंद सर्वप्रथम व्हावी. शेजाऱ्याकडे वाट मागण्यापूर्वी आपण ती द्यावी, हेच ख्रिस्ती समाजाला शोभून दिसेल.