गोळ्या सोडण्याचा सल्ला नको

‘बरे वाटले की गोळ्या बंद कराव्यात’ हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला बायपोलर आजारात घातक आहे. उन्माद आणि नैराश्य यांच्या मध्ये कित्येक महिने, कधी वर्षेही शांत जातात. औषध सुटते ते नेमके तेव्हाच, आणि आजार उलटतो.

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला. आजही ते आधाराचे औषध आहे. मात्र रक्तातली त्याची पातळी, मूत्रपिंडे आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावे लागतात. माण किंवा जत तालुक्याच्या उन्हात राबणाऱ्याच्या अंगातले पाणी घटले, जुलाब झाले, तर ही पातळी विषारी होऊ शकते. घरच्यांना हे ठाऊक हवेच.

औषधाऐवजी भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधणे, मारणे हा राज्यात २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटलेले नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, वैद्यकीय शिक्षण मिरजेत घेतलेले. त्यांच्याच भागात अजून काही कुटुंबे आधी मांत्रिक गाठतात, हे क्लेशदायक आहे.

टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत मोफत सल्ला मिळतो. पत्रलेखकाने पुढच्या पत्रात तो क्रमांक आवर्जून द्यावा.

— एक वाचक, कराड