विश्लेषण : ‘आपण रांगेत आहात’... हेल्पलाइनवर किती वेळ ताटकळायचे, हे कोण ठरवते?

फोनवर ऐकू येणारी दोन वाक्ये सगळ्यांना तोंडपाठ आहेत. एक जुने, एसटीडीच्या काळातले : ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.’ दुसरे आजचे : ‘आमचे सर्व प्रतिनिधी इतर ग्राहकांशी बोलत आहेत, कृपया प्रतीक्षा करा.’ पहिल्या वाक्यानंतर फोन तुटायचा, दुसऱ्यानंतर संगीत वाजू लागते. या दोन्ही प्रसंगांचे गणित एका डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्येच सोडवून ठेवले आहे. ते समजले की लक्षात येते, आपण किती वेळ कानाला फोन लावून बसणार हा आकडा बहुतेक वेळा आधीच कुणीतरी मान्य केलेला असतो.

‘एक एर्लांग’ म्हणजे किती?

आग्नर क्रारुप एर्लांग १९०८ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रुजू झाले. सुरुवातीला हाताखाली माणसे नव्हती, त्यामुळे मोजमापे घेण्यासाठी ते स्वतः शहरातल्या मॅनहोलमध्ये उतरत. कंपनीपुढचा प्रश्न साधा होता. ग्राहक हजारो असले, तरी सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. मग तारा किती टाकायच्या? आणि ऑपरेटर किती बसवायचे?

एर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले की, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांचे फोन यादृच्छिक येत असले तरी त्या गोंधळालाही एक ठरावीक घडण असते. १९१७ मध्ये त्यांनी आज ‘एर्लांग बी’ आणि ‘एर्लांग सी’ म्हणून ओळखली जाणारी सूत्रे मांडली. पुढे १९४६ मध्ये दूरध्वनीच्या भाराच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. (व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर ज्या संगणकीय भाषेवर उभे राहिले, त्या एरिक्सन कंपनीत जन्मलेल्या भाषेचे नावही एर्लांगच.)

एक लाइन सलग तासभर व्यस्त राहिली, तर तो भार एक एर्लांग. तासाला २०० कॉल येतात आणि प्रत्येक सरासरी ३ मिनिटे चालतो, असे समजू. एकूण ६०० मिनिटांचे बोलणे झाले. ६० ने भागले की १० एर्लांग.

मग दहा लाइन पुरतील?

नाही. कॉल एकामागोमाग शिस्तीत येत नाहीत. कधी पाच मिनिटे शांतता असते आणि कधी एका मिनिटात आठ जण फोन लावतात. शांततेत वाया गेलेली लाइन नंतरच्या गर्दीला उपयोगी पडत नाही. एर्लांग बी सूत्रानुसार १० एर्लांगच्या भाराला १० लाइन दिल्या, तर १०० पैकी सुमारे २१ कॉल लागणारच नाहीत. १५ लाइन दिल्या तर हे प्रमाण ४ च्या आत येते. १८ दिल्या तर १ च्याही खाली.

इथेच हिशेबनीस आणि अभियंता यांच्यात खटका उडतो. १८ लाइन घेतल्या की त्या सरासरी ५५ टक्केच वापरल्या जातात. हिशेबनीसाला उरलेले ४५ टक्के उधळपट्टी वाटते. ती उधळपट्टी नाही. नेमक्या गर्दीच्या मिनिटाला फोन करणाऱ्यासाठी राखून ठेवलेली ती जागा असते. सेवेचा दर्जा म्हणतात तो या रिकाम्या जागेतच असतो, आणि खर्चकपातीत पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते.

आणखी एक गोष्ट सूत्रातून निघते. १० एर्लांगचे दोन वेगळे गट ठेवले, तर १०० पैकी एकाहून कमी कॉल अडावेत यासाठी प्रत्येकी १८ म्हणजे ३६ लाइन लागतात. दोन्ही गट एकत्र केले तर ३० मध्ये काम भागते. पोलिसांसाठी १००, अग्निशमन दलासाठी १०१ अशा वेगवेगळ्या क्रमांकांऐवजी एकच ११२ का, याचे एक उत्तर या बचतीत आहे. अर्थात कॉल घेणाऱ्याला आपली गल्ली ठाऊक नसेल, तर पत्ता समजावण्यात कॉल लांबतो आणि बचतीतला काही भाग तिथेच जातो.

जिओ आणि ३,०५० कोटींचा वाद

हे गणित किती महाग पडू शकते, ते २०१६ मध्ये देशाने पाहिले. एका कंपनीच्या मोबाइलवरून दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवर कॉल जातो, तेव्हा तो दोन जाळी जोडणाऱ्या आंतरजोडणी बिंदूतून जातो. तिथल्या जोडण्या तेव्हा ‘ई-वन’ या एककात मोजल्या जात. एका ई-वनमध्ये ३० संभाषणे मावतात. अशा बिंदूवर हजारात ५ पेक्षा जास्त कॉल अडता कामा नयेत, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा निकष होता. त्या निकषाला धरून एक ई-वन सुमारे १९ एर्लांग भार पेलते. दोन एकत्र केल्या, तर ३८ नव्हे, जवळपास ४५.

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने मोफत कॉलसह सेवा सुरू केली आणि इतर कंपन्यांच्या दिशेने जाणाऱ्या कॉलचा पूर आला. जोडण्या पुरेशा दिल्या जात नाहीत, अशी जिओची तक्रार होती. हा भार एकतर्फी आणि अचानक आहे, शिवाय जोडण्या वाढवण्यासाठी करारात मुदत आहे, असे जुन्या कंपन्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबरमध्ये ट्रायने एअरटेल आणि व्होडाफोनला प्रत्येकी १,०५० कोटी व आयडियाला ९५० कोटी, असा एकूण ३,०५० कोटी रुपयांचा दंड सुचवला. कंपन्यांनी आरोप फेटाळले. पुढे २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने दंडाच्या नोटिसा बजावल्या.

बाजू कोणाची खरी, हा कायद्याचा प्रश्न. पण त्या आठवड्यांत ज्यांचे फोन लागत नव्हते, त्यांच्यासाठी कारण उघड होते : भार वाढला होता आणि त्या प्रमाणात जोडण्या वाढल्या नव्हत्या.

कॉल सेंटरचे गणित वेगळे का?

कॉल सेंटरमध्ये कॉल तुटत नाही, रांगेत उभा राहतो. त्यासाठी एर्लांग सी. पुन्हा तोच १० एर्लांगचा भार घेऊ. फक्त ३ मिनिटांत बोलून झाल्यावरची नोंद करण्याचा वेळही धरू. प्रतिनिधी १० च असतील, तर सूत्राप्रमाणे रांग वाढतच जाते. ११ बसवले तर सरासरी प्रतीक्षा २ मिनिटांची होते. १२ असतील तर ४० सेकंद, १३ असतील तर १७ सेकंद आणि १४ असतील तर ८ सेकंद.

अकराव्यापासून चौदाव्यापर्यंत, फक्त तीन माणसांचा फरक आहे. तीन पगार वाचवायचे की दर तासाला २०० माणसांना सरासरी दोन मिनिटे ताटकळत ठेवायचे, हा निर्णय कुठल्या तरी बैठकीत होतो. ‘अनपेक्षित गर्दीमुळे’ हे शब्द त्या बैठकीनंतर ध्वनिमुद्रित होतात.

खुर्चीत १४ जण हवेत म्हणजे हजेरीपटावर १४ नव्हेत. रजा, जेवण, प्रशिक्षण यांत ३० टक्के वेळ जात असेल, तर एका पाळीला २० माणसे लागतात. आणि अकरा जणांत काम उरकणाऱ्या केंद्रात फोन ठेवता क्षणी पुढचा कॉल येतो. आठ तास ९१ टक्के व्यग्र राहणारा प्रतिनिधी संध्याकाळपर्यंत त्रासिक सुरात बोलू लागला, तर दोष त्याचा एकट्याचा नसतो.

सूत्र कुठे चुकते?

एर्लांग सी असे धरून चालते की रांगेतला कोणीही कंटाळून फोन ठेवत नाही. स्वीडनचे कॉनी पाम यांनी १९४० च्या दशकात माणसाचा उतावळेपणा गणितात आणला. तरी त्यानंतरही एक अडचण उरते. फोन ठेवणारा माणूस दोन मिनिटांनी पुन्हा लावतो. एकाच तक्रारीचे चार कॉल होतात आणि गर्दी स्वतःच गर्दी वाढवते.

त्याहून मोठी अडचण म्हणजे कॉल एकमेकांपासून स्वतंत्र असतात, हे गृहीतक. वस्तीतला ट्रान्सफॉर्मर उडाला की शेकडो घरे एकाच मिनिटाला वीज कंपनीला फोन लावतात. निकालाच्या दिवशी मंडळाचे तेच, आणि पुरात नियंत्रण कक्षाचे तेच. ज्या क्षणी हेल्पलाइन सर्वाधिक लागते, नेमका त्याच क्षणी नेहमीचा हिशेब निरुपयोगी ठरतो. अशा यंत्रणांनी रोजच्या भारावर माणसे नेमणे पुरेसे नाही. कोणाला कुठून हलवून फोनवर बसवायचे, हे आधीच ठरलेले हवे.

निकषाचे घड्याळ

दूरसंचार कंपन्यांच्या ग्राहक सेवा केंद्रांसाठी ट्रायचा निकष आहे : १०० पैकी ९५ कॉल ९० सेकंदांत प्रतिनिधीने घ्यावेत. निकष कठोर वाटतो. पण असे प्रमाण दीर्घ काळाच्या सरासरीवर मोजले, तर रात्री तीन वाजताचे झटपट घेतलेले कॉल सोमवारी सकाळी दहाची रांग झाकून टाकतात.

हा खेळ आकड्यांत पाहता येतो. दिवसाच्या ८ तासांत १,६०० कॉल येतात, म्हणजे तासाला २००; त्यासाठी १४ माणसे उत्तम. पण त्यातले ३०० कॉल दहा ते अकराच्या दरम्यान आले, तर भार १५ एर्लांग होतो. १४ माणसे तासाला २८० कॉलच हाताळू शकतात. कोणी फोन ठेवला नाही, तर अकरा वाजता २० जण रांगेत असतात आणि शेवटच्याला चार मिनिटांहून जास्त थांबावे लागते. दिवसाचा अहवाल मात्र चांगलाच दिसू शकतो.

कोपनहेगनच्या काळापासून अभियंते भार मोजतात तो सर्वाधिक गर्दीच्या तासाचा. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी हेल्पलाइननीही तोच आकडा जाहीर करावा : गर्दीच्या तासात किती कॉल आले, किती घेतले, किती जणांनी वाट पाहून फोन ठेवला. कॉल हाताळणाऱ्या यंत्रणेत या नोंदी आपोआप होतात आणि पर्यवेक्षकाच्या पडद्यावर मिनिटामिनिटाला दिसत असतात. त्यांतली ‘फोन ठेवलेल्यांची’ संख्या ग्राहकाला सहसा कुठेच वाचायला मिळत नाही.