आठवणींना कात्री नको

सहस्रचंद्रदर्शनाच्या समारंभात अलीकडे पेढ्यांच्या पुड्यासोबत एक छोटेखानी पुस्तकही पाहुण्यांच्या हाती पडू लागले आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे आत्मवृत्त मुला-नातवंडांनी पदरमोड करून छापलेले असते. डिजिटल मुद्रणामुळे आता पन्नास प्रतीही काढता येतात. ही प्रथा स्वागतार्हच आहे. मात्र अशी अनेक पुस्तके चाळली की एक गोष्ट खटकते. त्यांत आजोबांचे सद्गुण असतात, मानपत्रे असतात, परदेशस्थ नातवंडांसमवेतची रंगीत छायाचित्रे असतात. प्रत्यक्ष आजोबा मात्र क्वचितच भेटतात.

याचे कारण उघड आहे. मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी त्याला घरचीच कात्री लागलेली असते. भावाभावांतील वाटणी, बुडालेला धंदा, फीसाठी गहाण पडलेल्या आईच्या पाटल्या, वार लावून केलेले शिक्षण हे सारे ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने वगळले जाते. आजोबांची गावाकडची बोलीही ‘शुद्ध’ केली जाते. उरते ते केवळ गौरवपत्र.

या संदर्भात वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण मननीय आहे. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे, या साध्या हेतूने ते उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या रणधुमाळीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केला, पण मूळ मजकुरात फेरफार करून. अस्सल हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी संपादिलेली आवृत्ती निघाली ती १९६६ साली. भटजींचे मूळ शब्द वाचकांपर्यंत पोहोचण्यास आणखी ५९ वर्षे लागली. तेही हस्तलिखित जपले गेले म्हणून. कौटुंबिक पुस्तकाच्या बाबतीत दुसरी आवृत्ती सहसा निघत नाही. तेथे गाळले गेले, ते कायमचेच गेले.

आज ऐंशी ओलांडलेल्या पिढीपाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात वाहून गेलेला संसार, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून काढलेले दिवस, १९७५ च्या आणीबाणीत घरचा कर्ता पुरुष स्थानबद्ध असताना एकटीने चालवलेले घर. यातील अखेरची कथा आजीची आहे आणि नेमकी तीच लिहिली जात नाही. ‘माझ्यात काय सांगण्यासारखे?’ असे म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जाते. तिला आग्रहाने बसवून घेणे हे सुना-नातवंडांचे कर्तव्य होय.

सर्व काही चव्हाट्यावर मांडावे, असा याचा अर्थ नाही. हयात व्यक्तींच्या दुःखाचा विचार झालाच पाहिजे. परंतु काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय ज्यांचे आयुष्य आहे त्यांचा असावा. खर्च करणाऱ्या मुलाचा नव्हे. सांगणाऱ्याचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे, शक्यतो त्यांच्याच शब्दांत उतरवावे, सनावळ्या जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात आणि अक्षरजुळणीनंतरची मुद्रिते त्यांना वाचून दाखवावीत. मूळ ध्वनिमुद्रण व हस्तलिखितही जपून ठेवावे.

पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. घरगुती प्रकाशकांनीही हा नियम पाळावा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. उद्याच्या अभ्यासकाला या काळातील सामान्य घरे कशी जगली, हे अशाच प्रतींतून कळणार आहे.

प्रकाशनासाठी सभागृह, पाहुणे आणि मुहूर्त यांची जुळवाजुळव नंतरही करता येईल. सांगणाऱ्याची स्मृती मात्र त्यासाठी थांबणार नाही. म्हणून ऐकायला बसण्याचा दिवस आजचाच धरावा.