गच्ची सगळ्यांची, ताप एकाचा

मंडळी, आज थोडी कबुली आणि थोडं मत.

नागपुरात आमच्या सोसायटीत चार मजले. मी पहिल्या मजल्यावर, खिडकीशी कडुनिंब. चौथ्या मजल्यावर एक वहिनी एकट्या राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सभेत मांडलं, गच्चीवर मातीचा पातळ थर देऊन हिरवळ करूया, घर थंड राहील. "गच्ची गळेल" म्हणून सगळ्यांनी नकार दिला. त्यात माझाही हात वर होता. मागच्या मे महिन्यात वहिनींना उष्माघाताने दवाखान्यात न्यावं लागलं. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्री खाली सोडतो, हे विज्ञान मी मुलांना शिकवलं. सभेत मात्र विसरलो!

१९९५च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका जास्त. पुढे २०००-०१मध्ये तिथल्या सिटी हॉलच्या छतावर सुमारे २० हजार चौरस फुटांची बाग झाली. गंमत म्हणजे त्याच इमारतीचा दुसरा अर्धा भाग काउंटीचा, तिथलं छत तेव्हा डांबरीच राहिलं. ऑगस्ट २००१मधल्या एका मोजणीत डांबर सुमारे ७६ अंश सेल्सिअस आणि बाग ३३ ते ४८! झाडांची सावली आणि पानांतून उडणारी वाफ, एवढीच ती जादू. शिवाय माती पाऊसही धरून ठेवते, गटारावरचा भार हलका होतो.

आता गळतीचं. गळतो तो वॉटरप्रूफिंगचा थर खराब असला तर. तो नीट असेल आणि मुळं अडवणारा पडदा वर असेल, तर माती त्याला उन्हापासून वाचवते. खरी अडचण वजनाची. दहा सेंटिमीटर ओली माती चौरस मीटरला शंभर किलोंच्या वर जाऊ शकते. म्हणून जुन्या इमारतीत आधी इंजिनिअरला दाखवावं. तो नाही म्हणाला, तर निदान चुन्याचा पांढरा हात द्यावा. नव्या इमारतींत मात्र हे वजन नकाशातच धरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

येत्या सभेत हा विषय मीच मांडणार आहे. वहिनींनी पुन्हा हात जोडायची वेळ येऊ नये.

असो. तुमच्या गच्चीवर काय आहे, जरूर कळवा.